पुडीतला तांदूळ

हे प्रकरण मी दोनदा गाळलं. पहिल्यांदा लिहायला बसले तेव्हा शाळेवरून एकदम लग्नावर आले, आणि माझ्या मुलीने वाचून विचारलं, "आई, युनिव्हर्सिटी कुठे गेली?" दुसऱ्यांदा युनिव्हर्सिटीवर चांगली चार पानं लिहिली. त्यात लायब्ररी होती, बसचे नंबर होते, साउथहॅम्प्टनचं धुकं होतं, फक्त नलू नव्हती. आठवणी लिहायला बसायचं आणि नेमकी हीच आठवण वगळायची, म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार झाला. तेव्हा आता लिहितेच. मी वाचणाऱ्याला आवडणार नाही याची मला कल्पना आहे. मलाही ती मुलगी फारशी आवडत नाही.

आमचं घर चढावर होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बंदरातल्या क्रेनची टोकं दिसायची आणि वारा आपल्या बाजूचा असला की बोटीचा भोंगा थेट ओट्यापर्यंत यायचा. आई कुकरच्या शिट्ट्या मोजत असे, आणि मध्येच भोंगा झाला की तिचा हिशेब चुकायचा. "तिसरी झाली का गं?" ती मला हाक मारून विचारायची, आणि मी पुस्तकातून मान न काढता "हो" म्हणायची. मग डाळ कच्ची राहायची. बाबा भूल देणारे डॉक्टर होते. ते ताटावर बसून म्हणायचे, "आज बोट शिजलेली दिसतेय." आईला ते कधीच विनोदी वाटलं नाही. भाजणी संपली की ती थालिपिठात पॉरिजचे ओट्स दळून घालायची, आणि कुरमुरे मिळाले नाहीत की नाश्त्याच्या तांदळाच्या सिरियलचा चिवडा करायची. तो चिवडा खाऊन वाढलेल्या आम्हा मुलांना पुण्याचा खरा चिवडा पुढे कधी तितका आवडला नाही, हे आईला सांगायचं माझं धाडस झालं नाही.

नलू माझ्या वर्गातली. शाळेत आम्ही दोघीच मराठी. मी आठ वर्षांची असताना इंग्लंडला आले, ती दहाची असताना, त्यामुळे तिची मराठी माझ्याहून ठसठशीत. तिचे बाबा साताऱ्याकडचे, इथे सिटी बस चालवायचे. मी सकाळी चढावरून धापा टाकत पळत येताना दिसले की ते बस थांबवून ठेवायचे. मागचे लोक चुळबुळ करायचे आणि ते शांतपणे आरशात माझी वाट बघत बसायचे. "सावकाश, बाळ," एवढंच म्हणायचे. पुढे मी युनिव्हर्सिटीत गेले आणि माझ्याबरोबर मैत्रिणी असायला लागल्या, तेव्हा मी बसमध्ये चढल्यावर त्यांना मान हलवून पटकन मागे जायला लागले. पुढच्या सगळ्याची सुरुवात तिथेच झाली होती, हे मला आज दिसतं.

आमच्यातली माणसंही तेव्हा दोन प्रकारची होती. मंडळाच्या गणपतीला डॉक्टरांच्या बायका सतरंजीच्या पुढच्या भागात बसत आणि नलूची आई आत स्वयंपाकघरात पुऱ्या लाटायला थांबे. तिला तिथे कुणी बसवलं नव्हतं आणि बाहेर ये असंही कुणी म्हटलं नव्हतं. अपवाद फक्त माझी आई. ती आत जाऊन लाटणं काढून घ्यायची.

नलू नर्सिंगला गेली. तेव्हा ते शिक्षण हॉस्पिटलच्या शाळेत असायचं, काम करता करता, आणि कितव्या वर्षाला आहे ते कमरेच्या पट्ट्याच्या रंगावरून कळायचं. मी युनिव्हर्सिटीत इकॉनॉमिक्सला. घरूनच जात होते. पहिल्याच टर्मला मीना नावाची लेस्टरची मुलगी पाय मुरगळून कॅज्युअल्टीत आली आणि ढसाढसा रडायला लागली. नलू तिथे ट्रॉली ढकलत होती. तिने आडनाव वाचलं आणि मराठीत विचारलं, "पाय दुखतोय का गं फार?" मीना म्हणाली, "पाय ठीक आहे. माझा मम्मीचा वरण पाहिजे." मीना इथेच जन्मलेली, तिची मराठी कायम अशीच होती. नलूने तिला पुढच्या बुधवारी आमच्या घरी आणलं, कारण बुधवारी दुपारी युनिव्हर्सिटीत खेळांसाठी सुट्टी असते, आणि नलूची स्वतःची खोली नर्सेस होममध्ये, तिथे फोडणीला बंदी. मीनाने तीन वेळा वरण-भात घेतला. त्यापुढच्या बुधवारी ती हॉस्टेलमधल्या आणखी दोघींना घेऊन आली. ख्रिसमसपर्यंत आम्ही नऊजणी झालो. नलू बुधवारची सुट्टी मिळावी म्हणून रविवारच्या ड्यूट्या घ्यायची. आई आम्हाला बुधवारकरणी म्हणायची आणि तेच नाव पडलं.

त्या बुधवारच्या दुपारींच्या आठवणी मला अजून आधी नाकात येतात. ओल्या कोटांचा वास, जिऱ्याची फोडणी, रेडिएटरवर वाळणारे मोजे. कुणी केसांना तेल लावून घेतंय, कुणी आईकडून साडी नेसायला शिकतंय आणि निऱ्या सुटल्या म्हणून किंचाळतंय. एकीचं एका पोराशी बिनसलं होतं, तिला सगळ्यांनी मिळून सल्ले दिले, आणि त्या सल्ल्यांमुळे ते कायमचंच बिनसलं. नलू मध्ये मांडी घालून कणीक मळायची आणि सगळ्यांना नावं ठेवायची. मला ती "बाईसाहेब" म्हणायची, कारण मी आमच्या बैठकांची मिनिट्स लिहायचे. हो, मी मिनिट्स लिहायचे. नऊ मुली पोहे खातात त्याची मिनिट्स.

मत द्यायची पद्धतही त्याच स्वयंपाकघरातली. एकदा खिचडी की पिठलं यावरून इतका गोंधळ झाला की आईने फडताळातला पितळी डबा काढून ठणकन टेबलावर ठेवला. म्हणाली, "हो म्हणणारीने हरभरा टाका, नाही म्हणणारीने तांदूळ. मी मोजते. कोण काय म्हणालं ते मला नको." तेव्हापासून काहीही ठरवायचं असलं की डबा निघायचा. वर पंचा टाकायचा, एकेकीने मुठीत दाणा आणून पंच्याखाली हात घालायचा, शेवटी आईने ताटात डबा पालथा करायचा. जी येऊ शकणार नसेल तिने आपला दाणा कागदाच्या पुडीत बांधून दुसरीबरोबर पाठवायचा. तिने तो तसाच डब्यात सोडायचा. पुडीचा नियम नलूने काढलेला, कारण ड्यूटीमुळे सगळ्यात जास्त गैरहजर तीच असायची.

दुसऱ्या वर्षी आमच्याकडे किरण आली. देशभरच्या युनिव्हर्सिट्यांतल्या आशियाई मुलींच्या गटांचा एक महासंघ होता, त्याची ती पदाधिकारी. मीच पत्र लिहून तिला बोलावलं होतं. लंडनहून आली, खांद्यांना रुंद पॅड असलेला जांभळा कोट, हातात फाइल. आईने तिला थालीपीठ दिलं, तिने ते काट्या-चमच्याने खाल्लं आणि मला, का कोण जाणे, आमच्या थालीपिठाचीच लाज वाटली. किरण इंग्रजीत छान बोलायची. महासंघात आलात तर युनियन बिल्डिंगमध्ये स्वतःची खोली मिळेल, बॅज मिळतील, लेटरहेड मिळेल, एडिनबराच्या परिषदेला जाता येईल. "आणि दक्षिणेकडून आमच्या राष्ट्रीय समितीवर कुणी नाहीये," ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्यासारखी ऑर्गनाइज्ड मुलगी आम्हाला हवीच आहे." झालं. तिने मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी फांदीवर पाय हलवत बसले.

मग नियम निघाले. पूर्ण सभासद फक्त डिग्रीचं शिक्षण घेणाऱ्या मुली. नलू ड्यूटीवरून थेट आली होती, गणवेशात, पट्ट्यासकट. तिने विचारलं, "म्हणजे मी?" किरण अगदी गोड हसून म्हणाली की पाहुणी म्हणून कधीही यायला हरकत नाही. मत मात्र नसेल.

"गेस्ट?" नलू माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली. "वसू, मी गेस्ट गं? काकूंच्या डब्यात कणीक किती उरलीय ते मला तुझ्याआधी कळतं."

सगळ्या हसल्या. मीही हसले. तेव्हाच मी बोलायला हवं होतं. मी फाइलवर काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

पुढच्या बुधवारी मत घ्यायचं ठरलं. आठवडाभर मी हॉस्टेलमध्ये जाऊन एकेकीला समजावलं. आपण काय कायम कुणाच्या स्वयंपाकघरात बसणार का, आपल्याला कुणी सीरियसली घ्यायला नको का. मीनाने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण नलू स्टार्ट केला ना सगळं. नलू नाही तर आपला बुधवार कसला?" मी म्हटलं, नलूला काही वाटणार नाही, ती समजूतदार आहे. समजूतदार हा शब्द मी नंतर आयुष्यात फार जपून वापरला.

नलूला त्या आठवड्यात मुलांच्या वॉर्डात टाकलं आणि बुधवारची ड्यूटी लागली. आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला. हॉलमधल्या फोनवर मी, स्वयंपाकघरात आई. "मी पुडी पाठवते," नलू म्हणाली. "तांदूळ आहे हं त्यात. तुझ्यापासून काय लपवायचं? तुला हरभरा टाकायचाय ते मला माहितीये. टाक तू. भांडण नाही आपलं. पण माझा तांदूळ तेवढा पडू दे."

"पडेल गं," मी म्हटलं.

पुडी तिच्या बाबांनी दिली. बुधवारी सकाळी मी बसमध्ये चढले तेव्हा त्यांनी शर्टाच्या खिशातून ती काढली, ड्यूटीच्या जुन्या वेळापत्रकाच्या कागदाची, चारी कोपरे नीट दुमडलेली. "नलीनं दिलंय," ते म्हणाले. "तिचं मत आहे म्हणे. जपून ने, बाळ." मागे रांग होती, तरी त्यांनी मी ती पर्समध्ये ठेवेपर्यंत गाडी हलवली नाही.

त्या दुपारी हिशेब माझ्या डोक्यात पक्का होता. कोण कुठे आहे ते मला माहीत होतं. मी ऑर्गनाइज्ड होते ना. माझ्यासकट चार हरभरे आणि मीनासकट चार तांदूळ. पुडीतला पाचवा. मी हॉलमध्ये कोट काढताना पुडी उघडली. एक दाणा होता, लांबट, बासमतीचा. नलूच्या घरी रोज जाडा तांदूळ असायचा, बासमती सणावारी. तिने मुद्दाम चांगला दाणा निवडला होता.

पुढे मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले की गडबडीत हात चुकला. हात चुकत नाही. टेबलावरच्या वाटीतून एकाऐवजी दोन हरभरे घ्यायला बोटं मुद्दाम उचलावी लागतात. मी उचलली. पंच्याखाली हात घातला, दोन्ही सोडले. आपलाच आवाज आपल्याला मोठा ऐकू येतो तसा तो दोनदा टण् झाला. दुसऱ्या हाताच्या मुठीत तांदूळ होता, घामाने तळव्याला चिकटलेला. मी "हा माझा, हा नलूचा" असंही म्हटलं. मोठ्याने म्हटलं.

आईने डबा पालथा केला, चष्मा लावून बोटाने दाणे सारले. "पाच हरभरे, चार तांदूळ," ती म्हणाली, आणि तिच्या सवयीप्रमाणे पुन्हा एकदा मोजलं. मीना उठून खिडकीशी गेली. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि थांबवली. आईने हरभरे आणि तांदूळ वेगवेगळे करून परत बरण्यांत टाकले, कारण आमच्या घरात अन्न टाकत नसत. सगळ्या गेल्यावर मी कार्डिगनच्या खिशातला तो दाणा काढला. तो केराच्या डब्यात टाकवेना. मी तांदळाच्या पिंपाचं झाकण उघडून आत टाकला आणि हाताने वरचे तांदूळ हलवले. पुढे ते पिंप संपेपर्यंत, महिनाभर तरी, ताटात भात आला की मला वाटायचं, यात असेल का तो.

त्यानंतर मी जे केलं ते मला दाण्याहूनही वाईट वाटतं, कारण ते करायला कुणी सांगितलं नव्हतं. महासंघाने सभासदांची यादी मागितली. मी नवीन लेटरहेडवर, टाइपरायटरवर, नलूला पत्र लिहिलं. 'प्रिय मिस' असं सुरू करून, नियमांनुसार आपलं पूर्ण सभासदत्व पुढे चालू ठेवता येत नाही याबद्दल दिलगिरी, पाहुणी म्हणून आपलं नेहमीच स्वागत. इंग्रजीत. खाली सही, सहीखाली 'सेक्रेटरी'. माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर राहणाऱ्या मैत्रिणीला मी ते सेकंड क्लासने पोस्ट केलं. म्हणजे ते पोचायला आणखी एक दिवस लागला असणार.

नलू एकदाच आली, मी लायब्ररीत असताना. आईचं एक पातेलं तिच्याकडे राहिलं होतं, ते द्यायला. आपल्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत, तिनेही दिलं नाही. त्यात शेंगदाण्याचे लाडू होते. मी मोजले नाहीत असं म्हणायला आवडलं असतं, पण मोजले. नऊ होते.

"दारातूनच गेली गं," आई म्हणाली. "बस म्हटलं तर नको म्हणाली. भांडलात का?"

"छे," मी म्हटलं. "तिला आता ड्यूटी फार असते."

ते वाक्य तोंडात इतकं चपखल बसलं की मी ते वापरतच राहिले. संक्रांतीला आई म्हणायची, नलूला हळदीकुंकवाला बोलाव हं, आता सगळ्याच पोरींना बोलावतात. गणपतीत म्हणायची, नलीला आणि तिच्या आईला फोन कर, आरतीला या म्हणावं. मी हॉलमध्ये जायचे, फोन उचलायचे, कधी कधी नंबरही फिरवायचे, शेवटचा आकडा सोडून. मग आत येऊन सांगायचे, ड्यूटी आहे म्हणाली. दोन-तीन वर्षं हे चाललं. मग नलू एडिनबराच्या हॉस्पिटलात नोकरीला गेल्याचं कुणाकडून तरी कळलं आणि मला चक्क सुटल्यासारखं वाटलं.

आणि ज्यासाठी एवढं केलं त्याचं काय झालं? युनियनमधली खोली मिळाली. तिला खिडकी नव्हती आणि तिथे किटलीशिवाय काही लावायला परवानगी नव्हती. आमच्या सभा इंग्रजीत होऊ लागल्या, कारण किरणला मिनिट्स पाठवायची असत. मीना पहिल्या सभेलाच आली नाही. उन्हाळ्यापर्यंत आम्ही तिघी उरलो. मी एडिनबराच्या परिषदेला गेले. एका मोठ्या थंड हॉलमध्ये शेकडो मुली, छातीवर बॅज. किरणने मला ओळखलं नाही. बॅज वाचून मग "अरे, हो!" म्हणाली. राष्ट्रीय समितीवर दुसरीच कुणी गेली. मी काकडीचं सँडविच खात विचार करत बसले की आज बुधवार आहे. पुढच्या वर्षी आमचा गट महासंघाच्या यादीतून आपोआप गळला आणि कुणी विचारलंही नाही. आता नर्सिंगला डिग्रीच लागते. आजच्या काळात नलू पूर्ण सभासद झाली असती, हे मला अधूनमधून आठवतं आणि त्यात समाधान मानण्यासारखं काहीही नाही.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आई आजारी पडली. माझं लग्न झालं होतं, मुलगी लहान होती, मी केंब्रिजला राहत होते. बाबा नुकतेच गेले होते. ज्या हॉस्पिटलात त्यांनी आयुष्यभर लोकांना भूल दिली तिथल्याच एका वॉर्डात आई होती, आणि ती काही खात नव्हती. ट्रेनमधून उतरून मी धावत वॉर्डात पोचले तर पलंगाशी गडद निळ्या गणवेशातली एक सिस्टर पाठमोरी उभी होती आणि आईला मराठीत सांगत होती, "काकू, दोन घास. तुमच्याकडे मी किती खाल्लंय, त्याची लाज राखा." मी आवाज ओळखला आणि पाय तिथेच थांबले.

ती वळली. केस थोडे पांढरे, कमरेला चांदीचं बक्कल. "आलीस?" ती म्हणाली. जणू आम्ही गेल्याच बुधवारी भेटलो होतो. ती चार महिन्यांपूर्वी परत बदलून आली होती. आईला वॉर्डातलं खाणं जात नाही म्हणून रोज घरून थर्मासमध्ये मऊ भात आणत होती, तूप-मीठ घालून, हे मला शेजारच्या पलंगावरच्या इंग्रज बाईंनी सांगितलं.

त्या दुपारी ती भात वाटीत काढून, झाकून, थर्मास धुवायला पॅन्ट्रीत गेली तेव्हा मी मागोमाग गेले. दार लावलं. मला वाटत होतं की मी फार धीराचं काम करते आहे.

"नलू, तुझं ते मत," मी म्हणाले. "पुडीतलं. मी तांदूळ टाकला नाही. मी हरभरा टाकला."

तिने नळ बंद केला नाही. "माहितीये मला."

"कसं?"

"मीना आली होती मला सांगायला, की तिने तांदूळच टाकला होता. मग एकेक करून बाकीच्या तिघीही आल्या. त्या चार, आणि मी." तिने थर्मास पालथा घातला. "मला पाचपर्यंत मोजता येतं गं, वसू. डिग्री नसली तरी."

मी रडायला लागले. तिने मला पेपर टॉवेल दिला, दिवसभर लोकांना देत असते तसा.

"तू बोलली का नाहीस कधी?"

"वाट बघितली की. म्हटलं, सांगेल. पत्र आलं तेव्हा म्हटलं, आता नाही सांगणार. बाबा मात्र विचारत राहिले, पोचवली का गं तिने पुडी. मी म्हटलं, पोचवली." थर्मास पुसत ती म्हणाली, "मला एकच लागलं मनाला. तुझं सोड, तू तशीच होतीस थोडी. पण काकूंनी सुद्धा कधी बोलावलं नाही. एकदाही नाही. म्हटलं, मोठ्या घरची माणसं. आता जाऊ दे, आजारी माणसावर काय राग धरायचा."

मला तिथेच सांगता आलं असतं. पॅन्ट्रीचं दार बंद होतं, नळ वाहत होता, मी नुकतीच एक गोष्ट कबूल करून डोळे पुसत होते. दुसरी तिच्याच मागे उभी होती. मी म्हटलं, "चल, आईचा भात गार होईल."

आम्ही परत आलो. नलूने उशी सारखी केली, वाटी हातात घेतली, चमचा आईच्या ओठांशी नेला. आईने एक घास घेतला, सावकाश गिळला आणि नलूच्या मनगटावर हात ठेवला. औषधांच्या गुंगीत इतके दिवस ती नीट बोललीच नव्हती; आज आवाज बारीक होता, पण शब्द स्वच्छ होते.

"किती वर्षांनी गं, नली," आई म्हणाली. "दर संक्रांतीला वसूला फोन करायला लावायचे. गणपतीला लावायचे. तुझ्यासाठी वाण काढून ठेवायचे, मग दुसऱ्या कुणाला द्यायचे. तू एकदाही आली नाहीस. ड्यूटीच फार असायची ना तुला?"

चमचा वाटीच्या कडेला टेकला. नलूने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पंधरा वर्षांचा हिशेब तिने तेवढ्या वेळात पुन्हा केला असेल, आणि या वेळी तो बरोबर आला असेल. मी पलंगाचा गज धरून उभी होते. मग ती आईकडे वळली, पुढचा घास भरला आणि तो फुंकून निववला.

"हो ना, काकू," ती म्हणाली. "ड्यूटीच फार असायची."